मोकळा वेळ, क्यूक्का आणि गुरुवारचा साउना: तांपेरेतल्या एका एक्स्चेंज विद्यार्थिनीचं प्रकरण

ही केस एका मुलीची आहे. नाव लिहीत नाही, पण लिहायच्या आधी तिला विचारलंय, ती म्हणाली लिही ताई, फक्त माझं कॉलेज कुठलं ते नको. जानेवारी ते मे अशी एक टर्म ती एक्स्चेंजवर फिनलंडमधल्या तांपेरे शहरात होती. मी इथेच डिग्री करतेय आणि बाहेरून येणाऱ्या मुलांची ट्यूटर म्हणून काम करते. इथे ट्यूटर म्हणजे शिकवणी घेणारी नाही, नवीन आलेल्याला स्टेशनवरून आणायचं, खोलीची किल्ली मिळवून द्यायची, बसकार्ड, लायब्ररी, मेस सगळं दाखवायचं आणि पहिले काही आठवडे हाकेच्या अंतरावर राहायचं, एवढंच.

व्हिसा, राहणं, कोर्सेस, थंडीचे कपडे यांबद्दल मुलं निघायच्या आधीच शंभर प्रश्न विचारतात. मोकळ्या वेळाबद्दल कुणी विचारत नाही, तो आपोआप भरेल असं सगळ्यांनाच वाटतं. मलाही वाटायचं. या मुलीच्या बाबतीत सगळं बिघडलं ते तिथेच, आणि सावरलं तेही तिथूनच, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी वेळेचं गणित

फिनलंडमध्ये १ क्रेडिट म्हणजे साधारण २७ तासांचं काम धरतात. पूर्ण टर्म ३० क्रेडिटची, म्हणजे ८०० तास. हिने २० क्रेडिट घेतले होते कारण तिच्या कॉलेजला तेवढेच लागत होते. त्यातली प्रत्यक्ष लेक्चरं आठवड्याला अकरा तास, बाकी स्वतः वाचा, ग्रुपवर्क करा, रिपोर्ट लिहा. तिच्या बहुतेक लेक्चरांना हजेरीची सक्ती नव्हती. म्हणजे सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत कुणी बांधून दिलेल्या वेळेत वाढलेली मुलगी पहिल्यांदाच अशा जागी आली जिथे ती मंगळवारी दुपारी दोन वाजता कुठे आहे हे जगात कुणालाच माहीत नाही आणि कुणी विचारणारही नाही.

त्यात जानेवारी. तांपेरेत जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य साडेनऊ वाजून गेल्यावर उगवतो आणि साडेतीनच्या आत मावळतो, आणि ढग असले (बहुतेक असतातच) तर तो दिसतही नाही, नुसता करडा उजेड येतो आणि जातो. ती आली त्या आठवड्यात उणे बावीस होतं. लेक्चर संपवून बाहेर पडलं की रात्रच.

ती हेर्वांता भागात राहायची, विद्यार्थ्यांच्या बिल्डिंगमध्ये, तीन जणींचा फ्लॅट, स्वयंपाकघर सामाईक. बाकी दोघी फिनिश. त्या भेटल्या की "मोई" म्हणायच्या आणि आपापल्या खोलीत जायच्या. हिला वाटलं मी त्यांना आवडत नाही. मी सांगितलं की तसं नाही, इथे समोरच्याला त्याच्या वाट्याची शांतता देणं हा चांगुलपणा समजतात, त्या तुला जागा देतायत. तिने मान डोलावली, पण सांगून हे पटत नाही. मलाही पहिल्या वर्षी पटलं नव्हतं.

पहिले पाच आठवडे

तिने जे केलं ते बहुतेक एक्स्चेंजची मुलं करतात. वीकेंड आला की ट्रिप. तालिन, हेलसिंकीहून फेरीने दोन तास. मग रात्रभराच्या जहाजाने स्टॉकहोम. मग बसने लॅपलंड. मग रीगा. चार वीकेंड चार ठिकाणं आणि सगळीकडे सोबत दुसरी एक्स्चेंजचीच मुलं, जर्मन, स्पॅनिश, कोरियन, फ्रेंच, सगळी छान मुलं. फोटो फार सुंदर यायचे. घरच्यांना वाटायचं पोरगी मजेत आहे.

सोमवार ते गुरुवार मात्र ती खोलीत असायची. झोप उलटी झाली, पहाटे चारपर्यंत जागी आणि दुपारी बाराला उठणं, म्हणजे असलेला उजेडही हातचा गेला. एका लॅबची दोन सेशन बुडाली. पैसेही फार वेगाने गेले, टर्मभरासाठी फिरायला ठेवलेले जवळजवळ सगळे युरो पाच आठवड्यांत संपले.

५ फेब्रुवारीला मी तिला घरी बोलावलं. त्या दिवशी इथे रूनेबेरीचा दिवस असतो, योहान लुडविग रूनेबेरी हा इथला राष्ट्रकवी, १८०४ मधला जन्म, आणि त्याच्या नावाचा छोटा उभट केक असतो, बदाम घातलेला, वर साखरेचं कडं आणि मधोमध रास्पबेरीचा जॅम. जानेवारीपासून दुकानात दिसतो आणि या दिवसानंतर गायब होतो. तो खाता खाता ती रडायला लागली. म्हणाली, "ताई, पाच आठवडे झाले गं मला फिनलंडमध्ये, आणि इथला एकही माणूस मला नावाने ओळखत नाही. तू सोडून. आणि तू पण इथली नाहीस."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं, कारण अडचण काय आहे ते तिने स्वतःच सांगितलं होतं. तिला करमत नव्हतं असं नाही. तिच्या वाट्याला इथे कुणासाठी करायचं असं काही कामच नव्हतं.

मी काय चुकीचं केलं

हे लिहिणं गरजेचं आहे. जानेवारीत मी सगळ्या नवीन मुलांना एक यादी दिली होती, शहरात काय काय बघता येईल त्याची. मूमिन म्युझियम (मूमिन म्हणजे इथल्या गोष्टींच्या पुस्तकांतली पात्रं, त्यांचं जगातलं एकमेव म्युझियम तांपेरेत आहे), प्यूनिक्कीच्या टेकडीवरचा १९२९ चा मनोरा आणि त्याच्या खालच्या कॅफेतले साखरेत घोळलेले मुंक्की म्हणजे डोनट, ताप्पारा विरुद्ध इल्वेस ही आइस हॉकीची मॅच, ताम्मेला बाजारातली काळी सॉसेज, असं बरंच. ती त्यातल्या तीन ठिकाणी गेली. एकटी गेली, बघितलं, फोटो काढला, परत आली. यादीत चूक काहीच नव्हतं, पण ती बघायच्या गोष्टींची यादी होती, आणि बघून माणूस कितीही वेळा बघणाराच राहतो.

दुसरी चूक जास्त मोठी. त्या रडण्यानंतर घाईघाईत मी तिला सित्सितला नेलं. सित्सित म्हणजे विद्यार्थ्यांचं बसून जेवण, मूळची स्वीडिश पद्धत. लांब टेबलं, प्रत्येकाच्या हातात गाण्याचं पुस्तक, दर थोड्या वेळाने कुणीतरी गाणं सुरू करतं, सगळे गातात, गाणं संपलं की ग्लास उचलायचे. गाणं चालू असताना खायचं नाही, परवानगीशिवाय उठायचं नाही, नियम मोडला तर सगळ्यांसमोर काहीतरी करून दाखवायची शिक्षा. दारू न पिणाऱ्यांना दुसरं पेय मिळतं आणि त्यावर कुणी काही म्हणत नाही, तो प्रश्न नव्हता. प्रश्न हा होता की गाणी फिनिशमध्ये, विनोद फिनिशमध्ये, आणि चार तास जागेवरून हलता येत नाही. ती हसरा चेहरा ठेवून बसली. परतताना ट्राममध्ये एक शब्द बोलली नाही. मला परंपरा दाखवायची घाई झाली होती, आणि जी परंपरा आतल्या माणसांसाठी सगळ्यात गमतीची तीच बाहेरच्यासाठी सगळ्यात बंद असते हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

क्यूक्का

पुढचं वळण मी आणलेलं नाही. एका शनिवारी सकाळी तिच्या फ्लॅटमधल्या एकीने दार वाजवलं आणि विचारलं, आमच्या टीममधली एक जण आजारी पडलीय, तू येतेस का? इतक्या आठवड्यांत भांड्यांपलीकडचं हे पहिलं वाक्य.

हेर्वांतात दर हिवाळ्यात अकॅडेमिक क्यूक्काची वर्ल्ड चॅम्पियनशिप होते, नाव असं मोठं पण खेळतात विद्यार्थी, टीमच्या टीम, बर्फावर. क्यूक्का हा कारेलिया भागातला जुना खेळ. जमिनीवर चौकोन आखलेला, त्याच्या पुढच्या रेषेवर छोट्या लाकडी ठोकळ्यांच्या जोड्या एकावर एक उभ्या केलेल्या, आणि तुम्ही लांबून कार्त्तू नावाचं बॅटसारखं लाकूड फेकून ते ठोकळे चौकोनाच्या बाहेर घालवायचे. चौकोनात राहिला की उणे दोन, रेषेवर अडकला की उणे एक, आणि रेषेवरच्या त्या ठोकळ्याला म्हणतात पाप्पी, म्हणजे पाद्री. टीम चार जणांची. चौथा नसेल तर अडतं.

तिला फेकता बरं येत होतं की नाही ते मला माहीत नाही, ती स्वतः म्हणते पहिल्या चार फेकी वाया गेल्या. पण त्या दिवशी ती उणे बारामध्ये सहा तास बाहेर उभी होती आणि तिला थंडी आठवत नाही. प्रत्येक डावानंतर ठोकळे पुन्हा मांडायला लागतात, ते गुडघ्यावर बसून हातमोज्यांनी मांडायचं काम तिने घेतलं. संध्याकाळपर्यंत टीममधल्या तिघींना तिचं नाव नीट म्हणता यायला लागलं होतं, एकीने तर ते हातावर फिनिश अक्षरांत लिहून घेतलं.

टीममधल्या सगळ्या हालारीत होत्या. हालारी म्हणजे इथल्या विद्यार्थ्यांचा शर्ट-पँट जोडून शिवलेला जाड कापडाचा अंगभर पोशाख, कारखान्यातले कामगार घालतात तसा, प्रत्येक विषयाच्या संघटनेचा रंग वेगळा. बहुतेक जण वरचा भाग कमरेला बांधून नुसती पँटसारखी घालतात. प्रत्येक कार्यक्रमाचा एक कापडी बिल्ला मिळतो आणि तो त्यावर शिवायचा, शिवायचाच, गोंदाने चिकटवलेला बघून जुनी मुलं नाक मुरडतात. एक्स्चेंजच्या मुलांनाही हालारी विकत घेता येते, हे मी यादीत लिहिलं होतं पण तिला तेव्हा त्याचा अर्थ लागला नव्हता. आता तिच्याकडे क्यूक्काचा बिल्ला होता आणि शिवायला कापड नव्हतं. सोमवारी जाऊन तिने हालारीची ऑर्डर दिली.

साउना, आणि इथे मी थोडं थांबणार आहे

क्यूक्कानंतर टीम साउनाला गेली, म्हणजे लाकडी खोलीत बसून घ्यायच्या गरम वाफेच्या अंघोळीला. ही गेली नाही, डोकं दुखतंय म्हणून खोलीत आली, आणि रात्री मला मेसेज केला की ताई माझ्याच्याने ते होणार नाही.

जे इथे येणार आहेत त्यांनी हे नीट वाचा कारण याबद्दल अर्धवट माहितीच जास्त फिरते. फिनलंडची लोकसंख्या ५६ लाखांच्या आसपास आणि साउना ३० लाखांच्या वर, म्हणजे ती चैन नाही, घराचा भाग आहे. २०२० च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत फिनलंडची साउना संस्कृती गेली, त्या यादीतलं फिनलंडचं ते पहिलंच नाव. तांपेरे तर २०१८ पासून स्वतःला जगाची साउना राजधानी म्हणवतं, आणि पिस्पाला भागातला रायापोर्त्ती हा १९०६ चा सार्वजनिक साउना अजून चालू आहे, चालू असलेल्यांत देशातला सगळ्यात जुना.

बायकांच्या किंवा पुरुषांच्या वेगळ्या साउनात कपडे घालत नाहीत. पोहण्याच्या तलावाशी जोडलेल्या साउनात स्विमसूट घालून बसायला मनाई असते, आणि त्याचं कारण स्वच्छता आहे, तसं लिहिलेलंही असतं. जिथे बायका-पुरुष एकत्र बसतात अशा सार्वजनिक साउनात मात्र स्विमसूट लागतोच. म्हणजे पर्याय असतो, फक्त तो कुठे आहे ते माहीत पाहिजे. आणि या सगळ्यात शरीराकडे कुणी बघत नाही, खरंच नाही, तिथे आजी असते, पोटुशी बाई असते, दहा वर्षांची मुलगी असते, ऑपरेशनचे व्रण असलेली बाई असते, आणि सगळ्या लाकडी पायऱ्यांवर घाम पुसत बसलेल्या असतात. अंघोळीइतकी साधी गोष्ट.

पण जिला लहानपणापासून अंग झाकायला शिकवलंय तिला हे सांगून लाज जात नाही, आणि जायलाच हवी असंही काही नाही. सित्सितपासून मी धडा घेतला होता. मी तिला म्हटलं, जाऊ नकोस. तुला कधी वाटलं तर आधी राउहानिएमीला जाऊ, तिथे स्विमसूट असतो, आणि तिथे आवडलं नाही तर विषय संपला.

तीन आठवड्यांनी ती स्वतःहून म्हणाली चल. राउहानिएमी म्हणजे नॅसियार्वी तलावाच्या काठचा साउना. तलाव गोठलेला, पण काठाजवळ पाणी हलतं ठेवून एक जागा मोकळी राखलेली, ती अवांतो. साउनात ८०-९० अंश आणि बाहेर पाणी शून्याच्या जरा वर. आम्ही लोकरीच्या टोप्या घालून गेलो, पायात मोजे, कारण बर्फावरून अनवाणी चालताना पाय चिकटतात. तिला एवढंच सांगितलं, उडी मारायची नाही, डोकं बुडवायचं नाही, शिडीने उतरायचं, श्वास लांब सोडायचा आणि दहा सेकंदांत बाहेर, आणि हृदयाचा किंवा बीपीचा त्रास असेल तर मुळीच नाही. पहिल्या वेळी ती कमरेपर्यंत उतरून परत आली. दुसऱ्यांदा खांद्यापर्यंत. बाहेर येऊन कठड्याला धरून उभी राहिली, अंगातून वाफा निघत होत्या, आणि शेजारी उभ्या एका सत्तरीच्या बाईंनी तिला फक्त "ह्युवा" म्हटलं, म्हणजे छान. बास, एवढंच. ती त्या एका शब्दावर आठवडाभर खूश होती.

मग तिच्या बिल्डिंगमधला गुरुवारचा साउना. विद्यार्थ्यांच्या बिल्डिंगमध्ये एक सामाईक साउना असतो, बाकीचे दिवस आपापल्या वेळेला बुक करायचा आणि ठरलेल्या संध्याकाळी सगळ्यांना खुला, एक तास बायकांचा एक तास पुरुषांचा. तिच्या इथे बायकांचा गुरुवारी सव्वासातला. पहिल्या गुरुवारी ती टॉवेल गुंडाळून सगळ्यात खालच्या पायरीवर बसली, तिथे उष्णता कमी असते. कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या गुरुवारीही टॉवेल. तिसऱ्या गुरुवारी काय झालं ते तिने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, एवढंच कळलं की आता ती वरच्या पायरीवर बसते आणि पाणी टाकायचं काम तिच्याकडे आलंय.

हे पाणी टाकणं म्हणजे काय ते सांगते. कोपऱ्यात दगडांनी भरलेली शेगडी असते, किउआस. तिच्यावर लांब डावाने पाणी टाकलं की जी वाफ उठून अंगावर येते तिला लोय्ल्यू म्हणतात. पाणी टाकण्याआधी बाकीच्यांना विचारायचं, कारण वाफ सगळ्यांच्या अंगावर येणार असते. तिला फिनिश येत नव्हतं पण "हेइतांको लोय्ल्यूआ?" म्हणजे टाकू का वाफ, एवढं वाक्य पाठ होतं आणि दर काही मिनिटांनी ती ते म्हणायची आणि सहा-सात जणी उत्तर द्यायच्या. वाक्य एकच, पण तिला विचारायचं काम होतं आणि त्यांना उत्तर द्यायचं.

आणि अंधारात, कुणी कुणाच्या डोळ्यांत बघत नसताना, त्या गप्प मुली बोलायला लागतात. हे मी बऱ्याच वर्षांपासून बघतेय आणि मला त्याचं अजून अप्रूप वाटतं. स्वयंपाकघरात न बोलणारी फ्लॅटमेट साउनात स्वतःच्या आईच्या आजारपणाबद्दल अर्धा तास बोलली. मार्चच्या शेवटी तिची झोपेची वेळ सुधारलेली होती, आणि त्यासाठी तिने वेगळं काहीच केलं नव्हतं, गुरुवारी साउना, मंगळवारी हालारी शिवायला दोघी-तिघी स्वयंपाकघरात बसायच्या, आणि रविवारी स्की.

स्कीवरून आठवलं. फेब्रुवारीत ती एकदा जंगलातल्या सपाट केलेल्या सुंदर पांढऱ्या वाटेवरून आरामात चालत होती आणि मागून आलेले एक काका तिच्यावर चांगलेच ओरडले. तिला वाटलं आपला रंग बघून ओरडले, दोन दिवस मनात ठेवलं. ती वाट लातू होती, मशीनने स्कीसाठी कोरलेले समांतर खाचे, त्यावरून कुणी चालायचं नाही कारण पावलांनी खाचा मोडतात. मी तिला तिथे नेऊन पाटी दाखवली, बूट आणि काट. असा गैरसमज लगेच सुटला नाही तर माणूस तो घेऊनच परत जातो. पुढच्या महिन्यात ती त्याच लातूवर भाड्याच्या स्कीने पडत-झडत जायची आणि चालणारं कुणी दिसलं की तिला त्या काकांचं ओरडणं कळायचं.

दार उघडायचं काम आणि मनुका

एप्रिलमध्ये त्या फ्लॅटमेटने तिला ईस्टरच्या आधीच्या रविवारी आजीच्या घरी नेलं. त्या दिवशी लहान मुलं चेटकिणींचा वेष करून, गालावर ठिपके काढून, रंगीत पिसं लावलेल्या विलोच्या काटक्या घेऊन दारोदार फिरतात, एक छोटी कविता म्हणत काटकी हलवतात, तुम्ही वर्षभर ताजेतवाने निरोगी राहा असा त्याचा अर्थ, आणि काटकी देऊन बदल्यात चॉकलेट घेतात. याला विर्पोमिनेन म्हणतात. आजीने काय केलं तर चॉकलेटचा वाडगा हिच्या हातात दिला आणि सांगितलं, बेल वाजली की तू दार उघडायचंस. दुपारभर तिने दार उघडलं. अकरा काटक्या जमल्या, त्यातली एक ती परत नेताना सामानात घेऊन गेली. जेवल्यावर मॅम्मी दिलं, राय नावाच्या धान्याचं आणि माल्टचं काळंभोर गोड, वर साय आणि साखर, ते तिला अजिबात आवडलं नाही आणि तिने तसं सांगितलं, आजीला उलट बरं वाटलं.

त्याच घरी ताल्कोत होतं. ताल्कोत म्हणजे शेजारीपाजारी मिळून कुणाचं तरी काम उरकायचं, पैसे नाहीत, शेवटी कॉफी आणि खाणं, आपल्या इर्जिकीच्या जातीचीच गोष्ट. लाकडं फोडून रचायची होती. ती रचणाऱ्यांत होती.

मग वाप्पू. ३० एप्रिल आणि १ मे, विद्यार्थ्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा सण आणि कामगारांचाही. त्यासाठी सिमा नावाचं पेय करतात, लिंबू, साखर, पाणी आणि चिमूटभर यीस्ट, बाटल्यांत भरताना प्रत्येकीत चार मनुका टाकायच्या. मनुका वर तरंगल्या की सिमा तयार. सामाईक फ्रिजमधल्या सहा बाटल्यांवर लक्ष ठेवायचं काम तिने मागून घेतलं आणि मला रोज रात्री फोटो पाठवायची, ताई अजून खालीच आहेत. २९ तारखेला तीन बाटल्यांत वर आल्या, मला आमच्या घरात कुणी पास झाल्यासारखा आनंद झाला.

तांपेरेत वाप्पूला पहिल्या वर्षाच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना क्रेनला टांगलेल्या पिंजऱ्यात उभं करून ताम्मेरकोस्कीच्या थंडगार पाण्यात बुडवून काढतात, मगच त्यांना गोंड्याची टोपी घालायचा हक्क मिळतो. नॅसियार्वी आणि प्युहायार्वी या दोन तलावांच्या पातळीत १८ मीटरचा फरक आहे आणि ताम्मेरकोस्की त्यांच्यामधून शहराच्या मधोमध धावते, याच पाण्यावर इथल्या गिरण्या उभ्या राहिल्या. हजारो लोक काठावर बघायला. हीसुद्धा बघणारीच होती, पण पिंजऱ्यातल्या दोघांना ती नावाने ओळखत होती, त्यांचे कोरडे कपडे आणि टॉवेल तिच्या हातात होते.

काय जमलं, काय नाही

एक कोर्स सुटला, ज्या लॅबची सेशन बुडाली होती तोच. तो तिला परत जाऊन वेगळ्या प्रकारे भरून काढावा लागला आणि त्याचा त्रास झाला. पैसे मार्चपासून फार काटकसरीने वापरावे लागले. फिनिश भाषा जेमतेम शंभर शब्द. सित्सितला ती पुन्हा गेली, पण मेमध्ये, स्वयंपाकघरात वाढणाऱ्यांत, आणि ते तिला खूप आवडलं, तेव्हा माझ्या डोक्यातला एक प्रश्न सुटला की चूक सित्सितची नव्हती, मी तिला कुठल्या खुर्चीवर बसवलं त्याची होती.

ट्रिपांबद्दल आमचं एकमत नाही. मला वाटतं पहिल्या महिन्यात सगळे वीकेंड बाहेर घालवले की आठवड्याला बूडच राहत नाही, त्यापेक्षा पहिले सहा आठवडे शहर सोडू नये. ती म्हणते लॅपलंडमधल्या त्या रात्रीचं आकाश पुन्हा कधी मिळालं असतं, ताई. तिचंही खरं आहे.

पुढच्या टर्मला मी यादी दिली नाही. आलेल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी शोधून दिल्या, दर आठवड्याला त्याच वाराला त्याच वेळेला होणारी एक, आणि जिथे एक माणूस कमी पडतोय अशी एक. कुणाला कोरस मिळाला, कुणाला वसतिगृहाच्या सायकल दुरुस्तीचा वार, एकाला फ्लोअरबॉलच्या टीमचा गोलकीपर व्हावं लागलं कारण कुणीच तयार नव्हतं. सगळ्यांना लागू पडलं असं नाही, दोघांनी तिसऱ्या आठवड्यात सोडून दिलं.

मेच्या शेवटी तांपेरेत सूर्य रात्री साडेदहापर्यंत मावळत नाही. तिच्या शेवटच्या गुरुवारी साउना झाल्यावर सगळ्या ओल्या केसांनी बिल्डिंगच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या, मीही गेले होते. फ्लॅटमेट आत जाऊन कात्री घेऊन आली. इथे हालारीचा तुकडा कापून आपल्या जवळच्या माणसाशी बदलायची पद्धत आहे, बहुतेक वेळा जोडीदाराशी, पण मैत्रिणींतही चालतं. दोघींनी आपापल्या डाव्या पायाचा खालचा वीतभर भाग कापला आणि अदलाबदल केली, तिथेच पायरीवर बसून शिवला, टाके वेडेवाकडे. कुणी फार काही बोललं नाही.

परवा तिने फोटो पाठवला, खुंटीला टांगलेली तिची हालारी, सतरा बिल्ले आणि डाव्या पायाशी तो वेगळ्या रंगाचा तुकडा. खाली विचारलं होतं, गुरुवारी आता पाणी कोण टाकतं?